मिठाचे पाणी, साखरेचे पाणी आणि गुऱ्हाळाची काहील : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी इयत्ता नववीच्या गटाचा विषय आज निश्चित झाला. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे त्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचे तापमान, किती बदलतो आणि का बदलतो, हे गटाने शोधायचे आहे. विषय जुना आहे. प्रदर्शनात कुठल्या ना कुठल्या शाळेच्या टेबलावर तो दिसतोच, परंतु तक्त्यावर बहुधा ‘शुद्ध पाणी १०० अंश, मिठाचे पाणी १०२ अंश’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यातला पहिला आकडा मोजलेला नसून पुस्तकातून उतरवलेला असतो. आमची शाळा कोल्हापूरजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून गटासाठी पहिला नियम असा ठरवला की, पुस्तकातला शंभराचा आकडा गृहीत धरून काहीही लिहायचे नाही. त्याच दिवशी, त्याच भांड्यात, त्याच तापमापीने आधी साधे पाणी उकळून घ्यायचे आणि त्यापासूनचा फरक नोंदवायचा.

गटातील एका विद्यार्थिनीने विचारले की, आमच्याकडे डाळीच्या आधणात मीठ आधीच घालतात, मीठ घातले की पाणी लवकर उकळते म्हणतात, ते खरे का? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

१४ नोव्हेंबर २०२४

साधनांची जमवाजमव झाली. प्रयोगशाळेतील काचेच्या तापमापीवर एकेका अंशाच्याच खुणा आहेत, आणि आम्हाला अपेक्षित असलेले फरक अर्ध्या-एका अंशाचे आहेत. त्यामुळे दशांश अंश दाखवणारा, स्टीलच्या सळईचा डिजिटल तापमापी घेतला. ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात सळई ढवळत धरली तेव्हा त्याने ०.१ अंश दाखवले. एवढा फरक सर्व वाचनांत सारखाच राहील असे धरले, तर वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. फरक मोजण्याचा हा आणखी एक फायदा मुलांच्या चटकन लक्षात आला.

वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत वाचतो. पाणी मापाने न घेता वजनाने घ्यायचे, प्रत्येक वेळी ५०० ग्रॅम, असे ठरले.

१८ नोव्हेंबर २०२४

साधे पाणी. पाणी उर्ध्वपातित घेतले, कारण बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतात. भांड्याच्या तळाशी फुटक्या बशीचे, झिलई नसलेले चिनी मातीचे बारीक तुकडे टाकले, म्हणजे बुडबुडे शांतपणे आणि सतत निघत राहतात. हे तुकडे नसतील तर गुळगुळीत काचेच्या भांड्यातले पाणी उत्कलनांकाच्या वर अंशभर किंवा त्याहूनही अधिक तापून अचानक उसळते आणि वाचन भरवशाचे राहत नाही.

सळईचे टोक किती खोल असावे, यावर बराच वेळ गेला, पण तो वाया गेला नाही. पाण्याच्या प्रत्येक सेंटिमीटर खोलीमागे दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने वाढतो, आणि १० सेंटिमीटर खोलीवर उत्कलनांकात सुमारे पाव अंशाचा फरक पडतो. आपण ज्या साखरेच्या पाण्यात अर्ध्या अंशाची वाढ शोधणार आहोत, तिथे पाव अंश सोडून देता येत नाही. टोक पृष्ठभागाखाली तीन सेंटिमीटरवर राहील अशी सळईवर रबराची कडी बसवली, तळाला टोक लागणार नाही अशा बेताने स्टँड आवळला आणि त्यानंतर ती जागा बदलली नाही.

पाणी खळखळून उकळू लागल्यावर आकडा ९८.१ वर येऊन थांबला. जाळ वाढवला तेव्हा बुडबुडे वाढले, वाफ वाढली, आकडा मात्र तिथेच राहिला. दोघा विद्यार्थ्यांना हे पटेना. त्यांनी बर्नर पूर्ण उघडून आणि पुन्हा मंद करून स्वतः पाहिले. वरच्या हवेचा दाब आणि पाण्याचा बाष्पदाब (त्याच्या वाफेचा दाब) समान झाले की पाणी उकळते. आपल्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९४७ हेक्टोपास्कल असतो, समुद्रकिनाऱ्यावर तो सुमारे १०१३ असतो. गणिताने येणारा उत्कलनांकही ९८.१ च्याच आसपास आहे.

२२ नोव्हेंबर २०२४

मीठ. भट्टीत कोरडे करून थंड केलेले मीठ २९, ५८ आणि ८७ ग्रॅम अशा तीन मापांत घेतले. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. मोल हे कण मोजण्याचे माप: पदार्थाचे सूत्रवस्तुमान जेवढे, तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोल. सोडियम क्लोराइडचे, म्हणजे मिठाचे, सूत्रवस्तुमान ५८.४ आहे, त्यामुळे अर्धा किलो पाण्यात २९ ग्रॅम म्हणजे किलोमागे जवळजवळ बरोबर एक मोल, ५८ म्हणजे दोन आणि ८७ म्हणजे तीन. साधे पाणी आजही ९८.१ ला उकळले. पुढची वाचने अनुक्रमे ९९.१, १००.१ आणि १०१.२ अशी आली, वाढ १.०, २.० आणि ३.१ अंश.

उकळताना पाणी उडून जाते आणि द्रावण दाट होत जाते. यावर उपाय म्हणून वाचन घेताच भांडे झाकून उतरवले आणि पुन्हा वजन केले. ५८ ग्रॅमच्या वेळी बारा ग्रॅम पाणी कमी झाले होते, म्हणजे वाचनाच्या क्षणी मीठ किलोमागे ११६ ग्रॅम नसून ११९ ग्रॅम होते. आलेखावर टिंब त्या सुधारलेल्या आकड्यावर द्यायचे, ठरवून घेतलेल्या आकड्यावर नाही.

मधले वाचन मला विशेष वाटले. अर्धा लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातल्यावर ते कोल्हापुरात ज्या तापमानाला उकळते, जवळजवळ त्याच तापमानाला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर साधे गोडे पाणी उकळते. हे वाक्य मुलांनी आपणहून तक्त्यासाठी निवडले.

२३ नोव्हेंबर २०२४

वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न आज थोडा उलगडला. उकळीच्या अगदी बेताला आलेल्या साध्या पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकले, त्यासरशी पाणी फसफसून वर आले आणि क्षणभर पांढरा फेस दिसला. बघणाऱ्याला वाटते की मिठाने पाणी उकळले. तापमापीवर मात्र त्याच क्षणी आकडा किंचित खाली गेला होता. मिठाच्या कणांच्या कडांवर आणि खाचांत बुडबुड्यांना जन्म घ्यायला जागा मिळते, म्हणून पाण्यात आधीच साठलेली जास्तीची उष्णता एकदम वाफेच्या रूपाने बाहेर पडते. हेच काम कोरड्या स्वच्छ वाळूनेही होते, आणि वाळू तर विरघळतही नाही. वाळूचा प्रयोग प्रदर्शनात मिठाच्या शेजारीच दाखवायचा. ऐकीव समजुतीला त्याहून सरळ उत्तर नाही.

२५ नोव्हेंबर २०२४

साखर. येथे गटाची अपेक्षा अशी होती की साखर जड आणि चिकट, पाक दाट होतो, तेव्हा वाढ मिठापेक्षा जास्तच यायला हवी. ५८ ग्रॅम साखर घातली, म्हणजे परवाच्या मधल्या मापाच्या मिठाइतकीच. आकडा ९८.१ वरून ९८.३ झाला. तेवढ्याच वजनाच्या मिठाने दोन अंशांची वाढ दिली होती!

मग साखर १७१ ग्रॅम केली, वाढ ०.५ झाली, ३४२ ग्रॅम केली, वाढ १.१ झाली. सुक्रोजचे रेणुवस्तुमान ३४२ आहे, त्यामुळे अर्धा किलो पाण्यात ३४२ ग्रॅम म्हणजे किलोमागे दोन मोल. शेवटी दोन काचेच्या बशा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत २९ ग्रॅम मीठ, जेमतेम मूठभर. दुसरीत ३४२ ग्रॅम साखर, बशीबाहेर सांडणारा ढीग. दोन्हींचा पाण्यावरचा परिणाम जवळजवळ सारखा, एका अंशाचा. या दोन बशा प्रदर्शनात सर्वांत पुढे ठेवायच्या आहेत, कारण सगळा विषय त्यांच्यात सामावला आहे. वजन महत्त्वाचे नाही, चव नाही, दाटपणाही नाही; पाण्यात वेगवेगळे फिरणारे कण किती, एवढेच पाहिले जाते. साखरेचा रेणू विरघळल्यावर अखंड राहतो. मिठाचा एकेक घटक सोडियम आणि क्लोराइड अशा दोन आयनांत (विद्युतभारित कणांत) सुटतो, म्हणून एक मोल मीठ दोन मोल साखरेचे काम करते.

मीठ दुप्पट परिणाम देते, या गोष्टीने एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनाही अडवले होते. डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांच्या विरळ द्रावणांच्या समीकरणात क्षारांसाठी एक जादा गुणक घालावा लागत असे. क्षार पाण्यात आपोआप आयनांत विभागतात, ही स्वांते अऱ्हेनियस यांची मांडणी पुढे आली तेव्हा त्या गुणकाला अर्थ मिळाला. अऱ्हेनियस यांच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठात खालची श्रेणी मिळाली होती आणि १९०३ मध्ये त्याच विचाराबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले बराच वेळ त्या प्रबंधाबद्दलच विचारत राहिली.

२८ नोव्हेंबर २०२४

‘का’ या प्रश्नाचा दिवस. अनेक तक्त्यांवर असे लिहिलेले असते की मिठाचे कण पृष्ठभागावर बसून पाण्याची वाट अडवतात. हे चित्र मला पुरेसे वाटत नाही, कारण वाट अडवली तर बाहेरून परत येणाऱ्या रेणूंचीही अडेल. त्याऐवजी गटाकडून राउल्ट यांच्या नियमाने गणित करून घेतले. फ्रान्समधील ग्रनोबल येथे काम करणाऱ्या फ्रांस्वा राउल्ट यांनी १८८० च्या दशकात दाखवले की, विरळ द्रावणाचा बाष्पदाब त्यात विरघळलेल्या पदार्थाच्या कणांच्या प्रमाणात कमी होतो.

एक किलो पाण्यात ५५.५ मोल पाणी असते. त्यात एक मोल मीठ टाकले की दोन मोल आयन मिसळतात. म्हणजे एकूण कणांपैकी सुमारे साडेतीन टक्के कण पाण्याचे नाहीत, आणि बाष्पदाब तेवढ्याच टक्क्यांनी उतरतो. उकळण्यासाठी तो पुन्हा हवेच्या दाबाइतका व्हायला हवा. शंभर अंशांच्या आसपास पाण्याचा बाष्पदाब दर अंशामागे साधारण ३.६ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा साडेतीन टक्के भरून काढायला जवळजवळ एक अंश लागतो. आमचे मोजमाप १.० होते. फळ्यावरचे उत्तर आणि बर्नरवरचे उत्तर असे एकमेकांना भेटले, तेव्हा गणिताला नेहमी कंटाळणारा एक विद्यार्थी साखरेचे गणित कोणी न सांगता मांडू लागला. त्याचे उत्तरही बरोबर आले.

१ डिसेंबर २०२४, रविवार

पन्हाळा. गड पायथ्याच्या मैदानापासून चारशे मीटरांहून अधिक उंच आहे. तेच भांडे, तोच तापमापी, तेच उर्ध्वपातित पाणी आणि सोबत लहान गॅसची शेगडी. वारा फार असल्याने तटाच्या आडोशाला मांडामांड केली. साधे पाणी ९६.८ अंशांना उकळले, म्हणजे शाळेपेक्षा १.३ अंशांनी कमी.

त्याच पाण्यात २९ ग्रॅम मीठ घातले आणि वाचन ९७.८ आले. वाढ पुन्हा १.० अंशाची. हीच खात्री करण्यासाठी इतक्या दूर आलो होतो. उकळण्याचा आकडा जागेप्रमाणे बदलतो, परंतु ठराविक मिठाने होणारी वाढ आपल्या मापाच्या अचूकतेत बदललेली दिसत नाही. दोन्ही बाबी एकाच नियमाच्या आहेत: उंचीवर बाहेरचा दाब उतरतो म्हणून उत्कलनांक उतरतो, मिठाने आतला बाष्पदाब उतरतो म्हणून उत्कलनांक चढतो.

५ डिसेंबर २०२४

आज तापमापी द्रावणात न ठेवता त्याच्या वर, वाफेत धरला. खाली ८७ ग्रॅम मिठाचे पाणी १०१.२ अंशांना उकळत होते. वर आकडा ९८.१ च्या आसपास राहिला. वाफ द्रावणातून निघते तेव्हा द्रावणाइतकीच गरम असते. परंतु सळईवर ती शुद्ध पाणी होऊन जमते, मीठ खालीच राहिलेले असते, आणि सळईवरचा तो पातळ थर शुद्ध पाण्याच्याच उत्कलनांकावर स्थिर होतो. सळईवरून ओघळणारा थेंब स्वच्छ काचपट्टीवर घेऊन वाळवला, तेव्हा पांढरा डाग उरला नाही. भांड्यातल्या द्रावणाच्या थेंबाने मात्र दाट डाग सोडला.

त्यामुळे तापमापी द्रावणात ठेवला तर खोलीचा आणि अतितापाचा (उत्कलनांकाच्या वर तापण्याचा) दोष, बाहेर ठेवला तर शुद्ध पाण्याचेच वाचन, अशी अडचण उभी राहते. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९१९ मध्ये यावर फार सुंदर उपाय काढला. उकळत्या द्रवात उलटी चाडी बसवायची. तिच्याखाली जमणारे बुडबुडे नळीतून द्रव आपल्यासोबत वर उचलतात आणि वाफेत टांगलेल्या तापमापीवर त्याची सतत धार धरतात. आमच्याकडील काचसामानात अशी रचना बसवता येण्यासारखी आहे, पण प्रदर्शनापूर्वी नाही. तिची आकृती तक्त्यावर द्यावी, असे ठरले.

९ डिसेंबर २०२४

डाळीचे उत्तर लिहून काढले. लिटरभर आधणात दहा ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनांक ०.१७ अंशाने वाढतो, म्हणजे शिजण्याच्या वेळेत ओळखू येईल असा फरक त्यातून पडत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. मीठ चवीसाठी घालावे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

गुऱ्हाळ. साखरेच्या पाण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या गावांच्या शिवारात दर हंगामात चालतो आणि त्याची नोंद नसती तर हा प्रकल्प अपुरा वाटला असता. उकळता पाक अंगावर उडाला तर तो चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षाही खोल भाजतो, म्हणून मुलांना काहिलीपासून, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईपासून, दूर, बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभे केले. सळई लांब बांबूला बांधून गुळव्यांच्या, म्हणजे गूळ बनवणाऱ्या कारागिरांच्या, हाती दिली. काचेचा ११० अंशांपर्यंतचा तापमापी येथे आणूच नये, तो फुटेल.

रस काहिलीत आला तेव्हा चुलवाणात चिपाडाचा जाळ धडाडत होता. रानभेंडीचा चीक टाकल्यावर मळी वर आली, ती झाऱ्याने काढली गेली आणि रस उकळू लागला. आकडा ९८ आणि ९९ यांच्या मध्ये. नंतर फार वेळ काहीच घडले नाही असे वाटावे, इतका तो हळू सरकत होता. वाफेचे ढग निघत होते, काहिलीतली पातळी उतरत होती, रंग हिरवटावरून सोनेरीकडे जात होता, आणि तापमापी शंभराच्या आगेमागेच. मग १०५ ओलांडल्यावर त्याने वेग धरला. मोठे पिवळे बुडबुडे फुटू लागले आणि आकडे वाचून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मान वर करायला सवड मिळेना. ११५.८ वर गुळव्यांनी काहील उतरवायला सांगितले.

त्यांनी तापमापीकडे पाहिले नव्हते. थेंबभर पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडून, बोटांत त्याची गोळी वळते का हे ते पाहत होते. “सर, तुमचं मशिन काय म्हणतंय ते लिहून घ्या, पण गूळ झाला का ते गोळीच सांगणार,” असे ते म्हणाले. पाक वाफ्यात ओतला गेला.

१८ डिसेंबर २०२४

काहिलीचे गणित. शंभर किलो रसात साधारण वीस किलो विरघळलेले घन पदार्थ आणि ऐंशी किलो पाणी असते असे धरू. साठ किलो पाणी उडून गेले की पाणी आणि साखर समसमान होतात, आणि तरीही उत्कलनांक जेमतेम दोन अंशांनी चढलेला असतो. म्हणजे पाणी उडवण्याचे तीन चतुर्थांश काम होईपर्यंत तापमापी जवळपास गप्प. उरलेल्या वीस किलोंपैकी आणखी सतराएक किलो जाते तेव्हा पुढचे सारे अंश एकदम चढतात. कणांचे प्रमाण उरलेल्या पाण्याशी मोजायचे असते, आणि ते पाणीच संपत चाललेले असते. शेवटच्या मिनिटांत जाळ ओढण्याची घाई का असते, हे मुलांना आलेखावरच्या उभ्या चढणीवरून कळले.

काहिलीतली एकूण वाढ ११५.८ वजा ९८.१, म्हणजे १७.७ अंश. विरळ द्रावणाच्या सूत्राने शुद्ध साखरेसाठी दहाच्या आसपास उत्तर येते. उरलेल्याची दोन कारणे गटाने लिहिली आहेत. पहिले, रसातील काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणजे एका रेणूचे दोन. शिवाय रसात क्षारही असतात. दुसरे, इतक्या दाट पाकात पाण्याचे बरेच रेणू साखरेशी बांधलेले असतात आणि मोकळे पाणी वजनावरून वाटते त्याहून कमी उरते. राउल्ट यांचा नियम विरळ द्रावणांचा आहे. गुळाच्या पाकावर तो जसाच्या तसा लावता येत नाही, हेही तक्त्यावर यायला हवे.

गोळीच्या परीक्षेवर मात्र अधिक लिहायला हवे. गूळ उतरवण्याचे तापमान म्हणून ११८ चा आकडा सर्रास सांगितला जातो. तो समुद्रसपाटीचा असेल तर त्याचा अर्थ साध्या पाण्यापेक्षा अठरा अंश वर, आणि आपल्या उंचीवर तीच अवस्था ११६ च्या सुमारास येते. येथे ११८ पर्यंत थांबले तर पाक हवा त्यापेक्षा दाट होईल. गार पाण्यातली गोळी हवेच्या दाबावर अवलंबूनच नाही. ती पाकात पाणी किती उरले हेच थेट दाखवते, मग काहील किनाऱ्यावर असो वा पन्हाळ्यावर. गुळव्यांच्या बोटांनी जे ओळखले आणि तापमापीने जे सांगितले, त्यांत फरक पडला नाही, कारण आम्ही त्या दिवशीचे साधे पाणी आधी मोजले होते.

गुऱ्हाळमालकांनी तापमापी वापरून पाहण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्यासाठी गट एक पट्टी तयार करत आहे. तिच्यावर ११८ छापलेले नसेल. सुरुवातीची खूण कोरी असेल, हंगामाच्या पहिल्या दिवशी साधे पाणी उकळून ती तिथेच भरायची, आणि तिच्यापासून काकवीसाठी सात आणि गुळासाठी अठरा अंशांवर खुणा असतील. काकवीची खूण सध्या पेन्सिलीने केली आहे. पुढच्या रविवारी काकवी उतरवतानाचे वाचन मिळाले की ती शाईने पक्की करायची आहे.